मक्याचा तुरा आणि पावसाचा खंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेल्या मक्याला ऑगस्टच्या मध्यावर तुरा येतो आणि पावसाने दडी मारायचा महिनाही बहुतेकदा तोच. २०२३चा ऑगस्ट तर १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. त्या खरिपात राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत येवला, मालेगाव, सिन्नर होते. मका लावणारे शेतकरी, कृषी पदविकेची मुले आणि बियाणे दुकानदार हे तिघेही जे प्रश्न फिरून फिरून विचारतात, त्यांची ही उत्तरे.

मका कमी पाण्यात येतो म्हणतात. मग एका खंडाने असा का बसतो?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मका ज्वारी, बाजरी, ऊस यांच्या गटातला. तेवढीच वाढ करायला भात किंवा गव्हापेक्षा त्याला कमी पाणी लागते. पूर्ण हंगामात ५०० ते ८०० मिलिमीटर पाणी मिळाले की पीक निघते. घोडे अडते ते वेळेवर. बाजरीला फुटवे येतात. एक कणीस वाया गेले तर मागच्या फुटव्याचे हाती लागते. ज्वारी पाण्याच्या ताणात थांबून राहते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. मक्याला ताट एक, तुरा एक, बहुधा कणीसही एकच, आणि फुलोरा जेमतेम आठवडाभराचा. त्यात नर फूल, म्हणजे तुरा, शेंड्यावर आणि मादी फूल, म्हणजे केस असलेले कणीस, ताटाच्या मध्यावर, म्हणजे दोघांची गाठ वाऱ्याच्या भरवशावर.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेनमीड आणि शॉ यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही दाखल्यासाठी घेतात. केस येण्याआधी ताण दिला तर उत्पादन २५ टक्के घटले, केस येताना दिला तर ५० टक्के आणि त्यानंतर दिला तर २१ टक्के. वाण बदलले, जमीन बदलली तर आकडे हलतील, पण क्रम हाच राहतो.

किती दिवसांचा खंड चालून जातो?

हे जमिनीला विचारावे लागते. फुलोऱ्यातला मका दिवसाला साधारण ६ मिलिमीटर पाणी ओढतो, कडक ऊन आणि वारा असेल तर ८ सुद्धा. एकरावर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. म्हणजे एकरभर मका रोज २४,००० लिटर, दोन मोठे टँकर पितो.

आता खाली मुरूम लागलेली फूटभर खोलीची हलकी जमीन घ्या. पिकाला घेता येईल असे पाणी तीत ३० मिलिमीटरच्या आसपास मावते. पाच दिवसांत संपले. तीन फूट खोल काळी जमीन भिजलेली असेल तर दीडशे मिलिमीटर किंवा जास्तच धरते, म्हणजे तीन ते साडेतीन आठवडे पीक तग धरते. एकाच गावात, एकाच पिशवीतला मका बांधाच्या अलीकडे वाळतो आणि पलीकडे हिरवा दिसतो, तो या हिशेबामुळे. दोष वाणाला दिला जातो ही गोष्ट वेगळी.

ऐन तुऱ्यात ताण बसला की झाडात नेमके काय बिघडते?

कणसाचा प्रत्येक केस एका दाण्याचा असतो. केसाच्या टोकावर पराग पडला, त्याची नळी केसातून आत उतरली, तरच त्या जागी दाणा धरतो. पाचशे दाण्यांच्या कणसाला पाचशे केस वेळेवर बाहेर पडावे लागतात.

केसाची वाढ पेशी फुगून होते आणि फुगायला पाणी लागते. चांगल्या ओलीत तो दिवसाला इंच-दीड इंच वाढतो. झाडात पाण्याचा दाब कमी झाला की सगळ्यात आधी ही वाढ थांबते. तुऱ्याचे मात्र तसे नाही. तो जवळजवळ ठरल्या दिवशी येतो आणि पराग सांडून मोकळा होतो. ओल असताना पराग सुटणे आणि केस दिसणे यांत एक ते तीन दिवसांचे अंतर असते. ताणात ते आठवड्यावर जाते. केस बाहेर पडतात तेव्हा शेतातला पराग संपलेला असतो, आणि हवेत उडालेला परागकण तसाही काही तासांचाच सोबती.

इथून पीक सुटले तरी दुसरा फटका असतो. दाणा धरतो, पण ताणलेल्या पानांत साखर पुरेशी तयार होत नाही, आणि झाड टोकाकडचे कोवळे दाणे सोडून देते. अमेरिकेत जॉन बॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणातल्या मक्याच्या खोडात थेट साखरेचे द्रावण सोडून पाहिले. पाण्याचा ताण तसाच ठेवला, तरी एरवी गळाले असते त्यातले बरेच दाणे टिकले. म्हणजे दाण्याचे मरण निव्वळ तहानेचे नसते, त्यात उपासमारही असते. पुढे पैदासकारांनी पान हिरवे टिकवणाऱ्या वाणांवर एवढा भर का दिला, त्याचे एक कारण यात सापडते.

कणसाचे टोक रिकामे राहिले. बियाणे खराब होते की पाणी कमी पडले?

कणीस सोलून टोकाकडे नीट बघा. केस आधी बुडाकडच्या दाण्यांचे बाहेर पडतात, टोकाकडचे सगळ्यात शेवटी. त्यामुळे कसलीही ओढाताण आधी टोकावर दिसते.

टोकाकडे नुसते बारीक, चपटे, पांढरे ठिपके असतील, दाणा धरल्याची खूणच नसेल, तर परागच पोहोचला नाही. केस उशिरा आले असतील, पराग मेला असेल किंवा अळीने केस कुरतडले असतील. टोकाकडे सुरकुतलेले, फिके, मोहरीएवढे दाणे दिसत असतील तर फलन झाले होते आणि नंतर झाडाने ते सोडले. ताण फुलोऱ्यानंतरच्या दोन आठवड्यांत बसला. आणि दाणे टोकापर्यंत भरलेत पण हलके, आकसलेले आहेत, तर पाणी त्याच्याही नंतर तुटले. पंचनाम्याच्या वेळी किंवा दुकानदाराशी वाद घालायच्या आधी एवढे पाहिले तर बोलायला आधार मिळतो. कणसावर दाणे इकडे-तिकडे विखुरलेले, मध्येच फटी, असे असेल तर तीही बहुधा परागाचीच बोंब असते.

दाणा धरला की नाही, हे काढणीआधी कळेल का?

कळते, आणि त्याला कसलेही यंत्र लागत नाही. केस येऊन पाच-सहा दिवस झाले की शेतात चार-पाच ठिकाणची एकेक कणसे घ्या. चाकूने बुडापासून टोकापर्यंत आवरणाला एक लांब चीर द्या आणि पाने हळूच उलगडा, केस ओढू नका. मग कणीस हलवा. ज्या दाण्याचे फलन झाले त्याचा केस दोन-तीन दिवसांत सुटतो आणि झटक्यासरशी गळून पडतो. फलन न झालेला केस चिकटून राहतो. किती केस पडले यावरून कणीस किती भरणार याचा अंदाज येतो.

लांबूनही एक खूण दिसते. पराग न मिळालेले केस वाढतच राहतात. कणसाबाहेर लांबच लांब, हिरवट, ताजे केस लोंबताना पाहून काही जण खूश होतात. फलन झालेले केस एव्हाना तपकिरी पडून सुकायला लागायला हवे होते.

गुडघाभर मक्याला ताण बसला तर?

पाने सुरळीसारखी गुंडाळली तरी घाबरू नका. दुपारी गुंडाळून संध्याकाळी उघडत असतील तर झाड सावरते. ताट थोडे ठेंगणे राहील, मुळे खाली जातील. सकाळी आठलाही पाने मिटलेली असतील तर मात्र पाणी द्यायची वेळ झाली. आठ-दहा पानांच्या पुढे, पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) तुरा आणि आत कणसाचा आकार ठरत असताना ताण वाढला, तर कणसावरच्या दाण्यांची संख्या कमी होते.

विहिरीत एकाच पाळीपुरते पाणी आहे. कधी देऊ?

तुरा पोंग्यातून डोकावायला लागला की. केस दिसेपर्यंत वाट पाहू नका, कारण केसाला पाणी तो बाहेर पडायच्या आधी लागते. दुसरी पाळी जमली तर ती दाण्यात चीक भरताना. सगळ्या सऱ्यांना पुरत नसेल तर एकाआड एक सरी भिजवा. अर्ध्या शेताला तुडुंब आणि अर्धे कोरडे यापेक्षा ते बरे. शेततळे असेल तर ते याच आठवड्यासाठी राखून ठेवा. जुलैत उगवण ठीकठाक असताना घाईने उपसलेले पाणी ऑगस्टमध्ये आठवते.

युरियाचा दुसरा हप्ता कोरड्या जमिनीत टाकू नका. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येऊ द्या.

पोटॅशियम नायट्रेट किंवा केओलिनची फवारणी उपयोगी पडते का?

थोडी. एक टक्का पोटॅशियम नायट्रेटने पानांना टेकू मिळतो, केओलिन या पांढऱ्या मातीच्या थराने ऊन परावर्तित होऊन पाण्याचे उडणे कमी होते. चार-पाच दिवस रेटायला हे चालते. तीन आठवड्यांच्या खंडात यांवर पैसे घालणे मला पटत नाही. त्यापेक्षा वेळेवर केलेली कोळपणी, तणांचा नायनाट आणि सरीतले काडीकचऱ्याचे आच्छादन यांची किंमत जास्त. तण हा पाण्याचा थेट भागीदार असतो.

पीक गेलेच आहे. जनावरांना घालू का?

घाला, पण जपून. ज्वारीच्या कोवळ्या चाऱ्याने किराळ (विषबाधा) लागते हे सगळ्यांना ठाऊक असते. मक्यात धोका वेगळा, नायट्रेटचा. ताणात झाड जमिनीतला नत्र ओढते पण त्याची प्रथिने बनवू शकत नाही, आणि तो खोडाच्या बुडाकडे साठतो. पाऊस पडल्यावर लगेचचे काही दिवस हे प्रमाण आणखी चढते. म्हणून वीतभर बुडखा सोडून कापा, उपाशी जनावरांना एकदम भरपेट घालू नका, इतर चाऱ्यात मिसळा. मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) केला तर आंबवणात नायट्रेट बरेच कमी होते आणि कणीस न भरलेल्या मक्याचेही काहीतरी पदरात पडते. खड्डा किंवा पिशवी महिना-दीड महिना उघडू नका.

दाणे भरले, पण उन्हात होरपळून. त्यात आणखी काही धोका?

अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचे विष. दाणे भरताना उष्णता आणि कोरडेपणा एकत्र आले की अ‍ॅस्परजिलस बुरशीला मोकळे रान मिळते. पिवळट-हिरवी पूड दाण्यांवर दिसते, कधी दिसतही नाही. कोंबडी खाद्याचे कारखाने असा माल परत पाठवतात. अळीने पोखरलेली कणसे वेगळी काढा, ओलावा १२ टक्क्यांवर आणूनच साठवा.

ताण सहन करणारा वाण तयार तरी कसा करतात?

इथे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण पिशवीवरच्या जाहिरातीतून यातले काहीच कळत नाही.

दुष्काळात चांगले उत्पादन देणारी झाडे निवडायची, एवढे साधे वाटते. पण कोरड्या शेतात जमिनीची खोली दर दहा पावलांवर बदलते, आणि चांगले कणीस झाडाच्या गुणाने आले की खालच्या ओलीने, हे ओळखता येत नाही. शिवाय खऱ्या दुष्काळाची वेळ आपल्या हातात नसते. मेक्सिकोतल्या 'सिमिट', म्हणजे आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राच्या शास्त्रज्ञांनी यावर साधी तोड काढली. त्लाल्तिसापान येथील त्यांच्या प्रक्षेत्रावर हिवाळ्यात पाऊस पडत नाही. तिथे मका पेरायचा, पाटपाण्यावर वाढवायचा आणि फुलोऱ्याच्या बेताने पाणी तोडायचे. दुष्काळ हवा तेव्हा, हवा तेवढा.

१९७५पासून टुक्सपेन्यो जातीच्या मक्यावर त्यांनी अशी निवड सुरू केली. फेरीमागून फेरी शेकडो कुळे ताणात लावायची आणि उत्पादनाबरोबर पराग ते केस यांतले अंतर दिवसांत मोजायचे. ताणात उत्पादनाचा आकडा फसवा असतो; हे अंतर मात्र त्या मानाने भरवशाचे निघाले. ज्या झाडाचे केस ताणातही वेळेवर येतात, ते झाड कणसाला अन्न पुरवते आहे याची ती खूण. १९९३मध्ये बोलान्योस आणि एडमीड्स यांनी आठ फेऱ्यांचा हिशेब मांडला: ताणात हेक्टरी सुमारे १०० किलोची वाढ, दर फेरीला. अंतर कमी झाले, वांझ (कणीस न धरलेली) ताटे कमी झाली. आणि चांगल्या पाण्यातले उत्पादन घटले नाही. ताण सोसणारा वाण सुकाळात मागे पडतो हा समज तिथे टिकला नाही.

याच पद्धतीवर पुढे आफ्रिकेत २००७ ते २०१५ या काळात तेरा देशांत काम झाले आणि दोनशेहून अधिक वाण शेतकऱ्यांपर्यंत गेले. आशियासाठी हैदराबादच्या केंद्रावर असेच पाणी तोडून वाण पारखले जातात.

मग सरळ खोल मुळांचाच वाण का नाही काढत?

सगळ्यांच्या मनात पहिले हेच येते. पण वर सांगितलेल्या निवडीत उलटेच दिसले: आठ फेऱ्यांनंतरच्या झाडांची वरच्या थरातली मुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली होती. झाडाने मुळांवरचा खर्च वाचवला आणि कणसावर केला. अमेरिकेतले जोनाथन लिंच २०१३पासून मांडत आहेत की मुळे थोडी, सरळ खाली जाणारी आणि झाडाला कमी खर्चात पडणारी असावीत. खोल काळ्या जमिनीत हे पटते. फुटावर मुरूम असेल तिथे खोल मुळाला खाली प्यायला आहे काय?

एक वाण यायला एवढी वर्षे का?

संकरित वाणाचे आई-बाप आधी शुद्ध करावे लागतात. स्वपरागीकरणाने त्याला सहा ते आठ पिढ्या जातात. मग त्यांचे संकर, ताणातल्या चाचण्या, अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातल्या बहुठिकाणी चाचण्या. मक्यावरचा हा प्रकल्प १९५७चा, देशातला या धर्तीचा पहिला. १९६१मध्ये त्यातून गंगा १०१, रणजित, डेक्कन हे संकर आले.

शुद्ध करायचा काळ आता दोन-तीन हंगामांवर आला आहे. एका खास मक्याचा पराग वापरला की काही दाण्यांत फक्त आईचेच गुणसूत्रांचे एकेरी संच राहतात. ते ओळखायची खूण डोळ्यांना दिसते: दाण्याचा माथा जांभळा, पण आतला कोंब पांढरा. असे दाणे हाताने निवडायचे, कोंबांना कोल्चिसिन देऊन गुणसूत्रे दुप्पट करायची. झाड एका झटक्यात शुद्ध. (कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असते.) कर्नाटकात कुणिगल येथे 'सिमिट' आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने डिसेंबर २०२१मध्ये याची सोय उभी केली.

एखादा जनुक घालून काम होणार नाही का?

प्रयत्न झालेत. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा जनुक घातलेला मका अमेरिकेत २०१३मध्ये बाजारात आला. फायदा काही टक्क्यांचा, तोही ताण असेल तेव्हा. २०१७मध्ये मक्याच्याच एका जनुकात क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने फेरफार करून फुलोऱ्यातल्या ताणात एकरी ५ बुशेल, म्हणजे सव्वा क्विंटलची वाढ दाखवली गेली. वाईट नाही, पण जादूही नाही. ताण सोसणे हा गुण पुष्कळ जनुकांत वाटलेला आहे आणि प्रत्येकाचा वाटा थोडा. भारतात जनुकबदल मक्याच्या व्यापारी लागवडीला परवानगी नाही, त्यामुळे दुकानात कोणी तसे सांगून विकत असेल तर पिशवी खाली ठेवा.

दाट लावल्याने ताण वाढतो का?

वाढतो, आणि यात एक गंमत आहे. मका पैदासकार डोनाल्ड डुविक यांनी अमेरिकेतले दशकादशकांचे संकर शेजारी-शेजारी लावून पाहिले. नवे संकर जिंकले ते मुख्यतः गर्दी सोसण्यामुळे. तुरे लहान झाले, केस वेळेवर येऊ लागले. गर्दी आणि दुष्काळ झाडाला सारखेच छळतात, म्हणून एकाची निवड करताना दुसऱ्याचाही फायदा झाला. पण शेतकऱ्यांनी त्या फायद्यावर लागवड आणखी दाट केली. २०१४मध्ये लोबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अमेरिकी मक्याच्या पट्ट्यात पीक दुष्काळाला पूर्वीपेक्षा जास्त संवेदनशील झाले आहे.

आपल्याकडे ७५ बाय २० सेंटिमीटरवर एकरी २६-२७ हजार झाडे बसतात. कोरडवाहू हलक्या जमिनीत त्याहून दाट जाऊ नका, पिशवीवर काहीही लिहिलेले असो.

ताण आणि उष्णता एकच का?

नाही, पण जोडीने येतात. आफ्रिकेतल्या वीस हजारांवर चाचण्यांच्या नोंदी तपासून २०११मध्ये हिशेब निघाला: ३० अंशांच्या वर गेलेल्या प्रत्येक अंश-दिवसामागे (एक दिवस एक अंश जास्त) ओलीत १ टक्का घट, ताणात १.७ टक्के. उन्हाळी मक्याला ठिबकवर पाणी भरपूर असूनही एप्रिलच्या उन्हात दाणा का धरत नाही, असे विचारतात. तिथे केस वेळेवर येतात, परागच भाजतो.

शेवटी कोणता वाण घेऊ?

नाव सांगणार नाही, कसे पारखायचे ते सांगतो. दुकानदाराला 'दुष्काळात चालतो का' असे विचारू नका, तो हो म्हणणार. किती दिवसांत निम्मा तुरा येतो आणि किती दिवसांत केस, हे विचारा. हलकी जमीन असेल तर ८५-९० दिवसांचा, भारी असेल तर १०० दिवसांच्या पुढचा. सगळे रान एकाच वाणाने भरू नका. दहा दिवसांच्या फरकाचे दोन वाण लावले तर एका खंडात दोन्ही तुऱ्यावर सापडत नाहीत. आणि यंदाच्या खंडात शेजारच्या गावांतली शेते फिरून बघा: तुरा आणि केस बरोबर दिसतात का, कणसाखालची पाने हिरवी आहेत का, वांझ ताटे किती. विद्यापीठाचे वाण पाहायचे तर कोल्हापूरला कसबा बावड्याचे संशोधन केंद्र आहे, राजर्षी हा संकरित वाण तिथलाच.

संकरित मक्याचे घरचे बी पुढच्या वर्षी पेरले तर?

उंची विस्कटते, तुरे पुढेमागे येतात, उत्पादन चांगलेच घटते. बी धरायचेच असेल तर सरळ (संकरित नसलेला) वाण लावा, कणसे शेताच्या मधून निवडा, कडेची घेऊ नका.